मडमेच्या सायकलवरचे मास्तर

नगरच्या शाळेत मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी ड्रॉइंग मास्तर माझ्यासमोर येऊन बसले, बराच वेळ टक लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा वर बसलाय. टोपी घालत जा, कळणार नाही." झालं, ओळख झाली. मी पुणतांब्याहून आलेला, गावात ओळखीचं कुत्रं नव्हतं, त्यामुळे रागावण्याची चैन मला परवडणारी नव्हती. घरी जाऊन आरशात पाहिलं तर कान खरोखरच वर होता. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की मी मान तिरकी करतो आणि मनातल्या मनात मास्तरांना दोन शब्द ऐकवतो.

सगळ्यांशी त्यांचं असंच. समोर माणूस आला की तो त्यांना बसलेला दिसायचाच नाही, कागदावर काढलेला दिसायचा. कुठं रेघ चुकली, कुठं सावली जास्त पडली, ते लगेच सांगून मोकळे. हेडमास्तरांना एकदा म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यात दोन माणसं आहेत. नाकाच्या वरचा भारी कडक, खालचा अगदीच गरीब." हेडमास्तरांनी त्या दिवसापासून त्यांना चहाला बोलावणं बंद केलं. तरुणपणी मुलगी बघायला गेले तेव्हा तर कहरच झाला. पोहे बाजूला ठेवून त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं आणि तिच्या वडिलांना सांगितलं, "हनुवटी सुरेख आहे, पण कपाळाला बोटभर जागा कमी पडली." मुलीच्या वडिलांनी त्यांना दारापर्यंतसुद्धा पोचवलं नाही. ही गोष्ट मास्तरांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "मी चांगलंच बोललो होतो हो. हनुवटी आधी सांगितली होती," एवढंच वर म्हणाले. पुढं त्यांना कुणी मुलगी दाखवली नाही.

मी भेटलो तेव्हा मास्तर पन्नाशीला आले होते. उंच, किडकिडीत, धोतर आणि बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या उजव्या बाहीला रंगीत खडूचा कायमचा डाग. बागरोजाच्या बाजूला एका चाळवजा घरात त्यांची खोली होती, तिच्या शेजारची मी घेतली. त्यांच्याकडे कपबश्यांची एकच जोडी वापरात असायची. दुसरी फडताळात पालथी ठेवलेली, धुतलेली. रोज धुवायचे. कोण येणार आहे म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "धूळ बसते ना."

एक गोष्ट मात्र माझ्या लवकर लक्षात आली. चालताना मास्तर वेगळेच होत. शेजारून चालणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे कान-नाक-कपाळ सगळं विसरून ते गप्पा मारत. कापडबाजारातला पेढीवाला, सर्जेपुऱ्यातले विणकर, मिशनच्या आवारातला माळी, कुणीही शाळा सुटल्यावर रस्त्यात भेटला की चार पावलं त्यांच्याबरोबर चाले. विहिरींना पाणी किती, रेशनवर साखर कधी येणार, लढाई संपली तरी रॉकेल का मिळत नाही, असलंच बोलणं. पण मास्तर ते बोलणं पक्वान्नासारखं घोळवत घरी आणत आणि रात्री जेवताना मला सगळं सांगत. समोर बसवून घेतलेला मास्तर कुणाला नको असे आणि शेजारून चालणारा मास्तर सगळ्यांना चाले. हे गावाला कळत होतं, मला कळत होतं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना मात्र नाही.

कारण त्यांनी सायकल घ्यायचं ठरवलं.

कारण विचारलं तेव्हा त्यांनी जराही आडपडदा ठेवला नाही. "शाळा सुटली की मी घराकडे जातो, माणसाकडे जाणं होत नाही," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचे लोक पांगलेत. कुणी भिंगारला, कुणी सावेडीला. पायी जाईपर्यंत दिवे लागतात, लोकांची पानं मांडायची वेळ होते. मग त्यांना वाटतं हा जेवायला आला. सायकल असली तर उन्हं असताना पोचेन, गप्पा मारून वेळेवर उठेन. माणसात येणं-जाणं राहील." मला हे इतकं पटलं की मी लगेच त्यांच्याबरोबर सायकल बघायला निघालो.

सर्जेपुऱ्यात एका चाचांचं सायकलीचं दुकान होतं. पांढरी दाढी, डोळ्यांना जाड चष्मा, हाताला कायम ग्रीस. ते सायकली दुरुस्त करत, विकत आणि तासावर भाड्यानंही देत. दर रविवारी मास्तर तिथून एक सायकल भाड्यानं घ्यायचे, मी शेजारून चालायचो आणि परत येईपर्यंत ती सायकल नापास झालेली असायची. हँडल खाली वळलेली शर्यतीची सायकल दिली तर म्हणाले, "वाकून बसलं की रस्ता दिसतो, माणूस दिसत नाही." उंच सायकल दिली तर तिच्यावर बसून पाय जमिनीला लागत नव्हते. "थांबून बोलायचं तर उतरावं लागणार. आणि मी उतरलो की समोरच्याला वाटणार, आता हा तासभर हलत नाही." एकीची घंटी फार कर्कश. एकीची सीट इतकी अरुंद की मास्तर म्हणाले, ही केवळ बदला घेण्यासाठी बनवलीय.

कँपातल्या एका कारकुनाकडे तीन गियरची सायकल विकाऊ होती. गावात तिची मोठी वाहवा होती. मास्तरांनी तिच्यावरून एक चक्कर मारली, खालीवर खटके दाबून पाहिले आणि ती परत केली. "नगरात चढ कुठाय? सावकाश, मध्यम, जोरात, असे तीन वेग घेऊन मी करू काय? मला एकच चाल येते, आणि तीही सोबत कोण आहे त्यावर." कारकून माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायला लागला. मी न पाहिल्यासारखं केलं.

चाचा शेवटी कंटाळले. "मास्तर, तुमाला सायकल पायजे का सून? इतक्या पोरी तर माझ्या पोरासाठी बी न्हाई बघितल्या."

"साधी द्या हो," मास्तर म्हणाले. "एक वेग, बसायला रुंद, पाठ ताठ राहील अशी. आणि मधल्या दांड्यात धोतर अडकणार नाही अशी."

"अशी सायकल मर्दाची बनत न्हाई," चाचा म्हणाले.

चाचांचं म्हणणं खरं ठरलं. लढाई संपल्यावर कँपातले साहेब लोक एकेक करून मायदेशी निघाले आणि त्यांच्या सामानाचे लिलाव व्हायला लागले. आम्ही तिघं असेच एका बंगल्यावर गेलो होतो. आरामखुर्च्या, पाळणा, काचेची भांडी, एक म्हातारा कुत्रा, आणि भिंतीला टेकवलेली मडमेची हिरवी सायकल. मधला दांडा धनुष्यासारखा खाली वाकवलेला, चेनीवर पुरतं झाकण, हँडल उंच आणि मागं वळलेलं, स्प्रिंगची ऐसपैस सीट, जाडजूड टायर, पुढं वेताची टोपली. गियर नाही, काही नाही. मास्तर धोतर सावरत तिच्यावर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. तिथंच बसून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा त्या वेळी मी पहिल्यांदाच इतका खूश पाहिला.

"मास्तर, बायकांची हाय ही," चाचा हळूच म्हणाले.

"धोतर नेसणाऱ्याला दांडा हवाच कशाला? ही ज्यानं बनवली त्याच्या डोळ्यासमोर बायका आणि मास्तर दोन्ही असणार."

गाव हसायचं तेवढं हसलं. शाळेतल्या पोरांनी फळ्यावर झगा घातलेले मास्तर काढले. मास्तरांनी ते चित्र नीट पाहिलं, खडू घेऊन चेनीचा भाग दुरुस्त केला आणि खाली चांगले मार्क दिले. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "मडमेची हॅट पण घेतली का हो?" मास्तर म्हणाले, "लोक हसतात म्हणजे बघतात तरी." मला तेव्हा हे उत्तर फक्त हजरजबाबी वाटलं होतं.

मग मास्तर रोज संध्याकाळी सायकलवरून निघू लागले. पाठ ताठ, टोपलीत छत्री, वेग इतका सावकाश की ती पडत कशी नाही याचंच लोकांना नवल. भिंगारला गेले, सावेडीला गेले. ज्यांच्याकडे गेले त्यांनी पाट दिला, पाणी दिलं आणि समोर बसले. समोर बसले म्हणजे पुढचं सांगायला नकोच. एका वकिलांना त्यांनी सांगितलं की तुमची मान अंगाला नंतर जोडल्यासारखी दिसते. दुसऱ्या खेपेला वकील घरात नव्हते, म्हणजे घरातून तसं सांगण्यात आलं.

आणि रस्ता? रस्ता तर त्यांच्या हातचा गेलाच. पेढीवाला पूर्वी दुकानातून उतरून बरोबर चालायचा, तो आता लांबूनच हात वर करायचा. विणकर ओरडायचे, "मास्तर, घाईत हायसा जणू!" आणि मास्तर थांबेपर्यंत ते बोळात शिरलेले असायचे. मास्तर थांबत, दोन्ही पाय टेकवून उभे राहत. पण थांबलेल्या सायकलपाशी कुणी येत नसे. एकदा जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला आणि म्हणाले, "सायकलवरच्या माणसाला कुणी अडवत नाही हो. सगळ्यांना वाटतं, ह्याला कुठंतरी पोचायचंय." मी म्हटलं, मग विकून टाका. ते म्हणाले, "आणि पुन्हा पायी हिंडू? आता लोक म्हणतील, सायकल चालवणं झेपलं नाही." हट्ट आणि एकटेपणा एकाच घरात नांदायला लागले की त्या घरात तिसऱ्याचं काही चालत नाही, तसं माझं झालं. माझं लग्न ठरत होतं, संध्याकाळच्या शिकवण्या होत्या. एक रविवार सोडला तर मला त्यांच्याबरोबर चालायला वेळही नव्हता.

अशातच एक दिवस दिल्ली दरवाजापाशी त्यांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मास्तर उतरले आणि सायकल हातात धरून निघाले. आता नगरची एक रीत सांगितली पाहिजे. सायकल हातात धरून चालणारा माणूस दिसला की त्याला एकटं जाऊ द्यायचं नाही. कुणीतरी विचारणारच, "पंक्चर व्हय?" आणि विचारलं की थोडं बरोबर जायचंच. टायर दाबून बघायचं, रस्त्याला शिव्या घालायच्या, आपली पंक्चर कुठं आणि कशी झाली होती ते सांगायचं. एकाची वाट संपली की दुसरा येतो. त्या दिवशी मास्तर चाचांच्या दुकानी पोचले तेव्हा त्यांच्याभोवती चारपाच माणसं होती, आणि चाचा ठिगळ लावेपर्यंत ती तिथंच उभी होती. त्या रात्री मास्तरांनी मला ती सगळी संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. कोण काय म्हणालं, कोण कुठं वळलं, सगळं. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर त्यांची सायकल सारखी पंक्चर व्हायला लागली.

मला वाटलं, रस्ते वाईट, टायर जुनं. पण एका रविवारी मी दुकानात टेकलो असता, कुणाच्याशा सायकलची घंटी बसवताना चाचांनी इकडंतिकडं पाहून विषय काढला. "मास्तरची ट्यूब एकदम नवी हाय. तिला भोक न्हाई."

"मग पंक्चर कशी होते?"

"होत न्हाई. ते हवेच्या तोटीचं, वॉलचं नट सैल करतात. गल्लीच्या तोंडाशी हवा सोडतात, मग चालत येतात." चाचा घंटी फिरवत राहिले. "पयल्यांदा मला वाटलं, मीच आंधळा झालो. पान्यात घातली, बुडबुडा न्हाई. वर बघितलं तर मास्तर हसत हुते, लोकांशी बोलत हुते. आता सांगू कसा त्यास्नी?"

"मग काय केलंत?"

"ठिगळ लावलं."

"भोक नसताना?"

"लोक बघत उभे असतात ना, बाबा. पान्याचं घमेलं मी गुडघ्याआड घेतो. म्हनतो, हां, घावलं. कानस मारतो, सोल्युशन लावतो, ठिगळ चिकटवतो. तेवढा वेळ लोक थांबतात." मग जरा कुरकुरत म्हणाले, "आता ठिगळाला जागा शोधावी लागती."

चाचांनी ही गोष्ट मास्तरांना कधी कळू दिली नाही, मीही नाही. मास्तरांना वाटायचं, आपण एकटेच हे जाणतो. त्यांचा तो सबंध वर्षातला सगळ्यात सुखाचा काळ असावा. रस्त्यात मला भेटले तर मीही विचारायचो, "काय मास्तर, पंक्चर?" आणि सवड असली तर शिकवणीच्या दारापर्यंत बरोबर जायचो. ते टायरकडे बघून असे काही चुकचुकत की मला हसू आवरणं कठीण जाई.

पण चाचांचे डोळे खरंच जायला लागले. मोतीबिंदू पिकला, स्पोक दिसेनात. खर्ड्याला दिलेली त्यांची लेक येऊन त्यांना घेऊन गेली. जाण्याआधी ते मास्तरांना एवढंच म्हणाले, "सायकल जपा, मास्तर. सगळ्यांचे हात सारके नसतात." मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी चाचांना सांगितलं, तुमचा चेहरा काढायचा राहून गेला, फार सुंदर आहे. कुणाच्या चेहऱ्याला त्यांनी पूर्ण मार्क दिलेले मी एवढेच ऐकले.

दुकान पाथर्डीकडच्या एका माणसानं घेतलं. माणूस वाईट नव्हता, कामाला चोख होता. पाटी रंगवली, हत्यारं ओळीनं टांगली, आणि पाण्याचं घमेलं दुकानाच्या पुढं, सगळ्यांना दिसेल असं स्टुलावर ठेवलं. मास्तर पहिल्यांदा त्याच्याकडे गेले त्या संध्याकाळी मीही बरोबर होतो. पेढीवाला होता, दोन विणकर होते, वाटेत जोडलेले आणखी कोण कोण होते. त्या माणसानं ट्यूब काढली आणि तिच्याकडे बघतच राहिला. मग हवा भरून त्यानं ती पाण्यात बुडवली. हळूहळू फिरवली. सगळे वाकून बघत होते. एक बुडबुडा आला नाही. त्यानं परत फिरवली.

"मास्तर, पानी निवांत हाय. पंक्चर न्हाईच ही." मग त्यानं नखानं एक ठिगळ उचकटलं. "आन् ह्याच्या खाली बी भोक न्हाई! आरं, ही काय गंमत हाय?" दुसरं उचकटलं, तिसरं उचकटलं. "म्हाताऱ्यानं लुटलं की वो तुमाला!"

मास्तर ताडकन म्हणाले, "त्यांना काही बोलायचं नाही. हवा मी सोडत होतो."

आधी कुणाला समजलं नाही. मग एक विणकर हसला, आणि मग सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. नगरची माणसं मोकळी, गंमत दिसली की हसणार. पण मास्तर त्या उचकटलेल्या ठिगळांकडे बघत उभे होते. चाचांना सगळं माहीत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं, ते मला दिसत होतं. मला त्या घमेल्यावर लाथ मारावीशी वाटली.

पुढं बरेच दिवस गावाला एक विनोद मिळाला. मास्तर सायकलवरून दिसले की कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, हवा हाय का?" मास्तर हात वर करायचे आणि जायचे. माझी बदली राहात्याला झाली. निघायच्या आधी मी त्यांच्या खोलीत गेलो, मुद्दाम त्यांच्या समोर न बसता शेजारी भिंतीला टेकून बसलो. ते मग म्हणाले, "मला कुणाला फसवायचं नव्हतं रे. ती माणसं थांबायची, ते मला आवडायचं." मला ते आजवर अहोजाहो करत. त्या दिवशी पहिल्यांदा 'रे' म्हणाले. आणि फडताळातली पालथी कपबशी काढून त्यांनी मला चहा दिला.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या कामासाठी नगरला आलो. स्टेशनवर उतरून टांगा केला. उन्हं उतरली होती. स्टेशनरोडवर पुढं एक हिरवी सायकल दिसली, आणि ती हातात धरून चाललेले मास्तर. जरा वाकले होते. टांगा जवळ आला तसं मी पाहिलं, दोन्ही चाकं हवेनं टणक होती. सायकल धडधाकट होती आणि मास्तर तिच्याशेजारून चालत होते.

समोरून एक दूधवाला आला. बाहेरगावचा असावा, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो थांबला. "काय वो, पंक्चर व्हय?"

"नाही, नाही," मास्तर म्हणाले आणि अंगठ्यानं टायर दाबून त्याला दाखवलं. "चांगली आहे."

"मग बसा की वर!" दूधवाला म्हणाला आणि कळशी सावरत निघून गेला. मास्तर त्याच्या पाठीकडे बघत जरा उभे राहिले आणि मग पुन्हा चालू लागले.

मी टांगा थांबवला. टांगेवाल्याला पिशवी मुक्कामाच्या पत्त्यावर पोचवायला सांगितली आणि धावत जाऊन मास्तरांना गाठलं. त्यांनी मला ओळखलं, त्यांचा चेहरा उजळला, माझ्या कानाकडे नजर गेली, पण काही बोलले नाहीत. मी खाली बसलो, मागच्या चाकाच्या वॉलचं नट सैल केलं आणि हवा जाऊ दिली. फुस्स करत सगळी हवा गेली आणि चाक रस्त्यावर बसलं.

"मास्तर, पंक्चर आहे," मी उठत म्हणालो. "आणि दुकान फार लांब आहे."

त्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हँडल नीट धरलं आणि मला चालायला जागा व्हावी म्हणून सायकल स्वतःच्या पलीकडच्या बाजूला घेतली.